आईच्या टाचेवरचा उजेड

सकाळी उठल्यावर आईची पहिली पावलं भिंत धरूनच पडायची. टाचा इतक्या दुखायच्या की पोळ्याही ती बसून लाटू लागली होती. पण तिला खरं लागत होतं ते रिसालीच्या बाजारात जाता येत नाही हे. मी आणलेली वांगी तिला कधीच पटली नाहीत.

"किडकीच घेऊन येतं तू," ती म्हणायची. "मले एकदा चालता येऊ दे."

नेहरू नगरमधल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी आणि बाबांनी तिला नेलं. त्यांनी तपासून लेझरच्या उजेडाचा उपचार सुचवला. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही सांगितलं, आणि उजेड सुरू करण्याआधी आम्हा तिघांनाही गडद चष्मे दिले. बाबा इथल्या स्टील प्लांटमधले निवृत्त वेल्डर. चष्मा हातात घेताच ते म्हणाले, "चष्मा देते म्हणजे काम खरं आहे."

"चटकाबी नाही लागून राहिला," आई पुटपुटली. "मंग दवा लागते कशी?"

काही आठवड्यांत सकाळची भिंत सुटली. दुपारी मात्र टाच पुन्हा ठणकायची. बाईंनी विचारलं, "आंटी, घर में चप्पल पहनती हैं ना?"

त्यांनी सांगितलेली मऊ चप्पल आम्ही आणली होती, पण ती दाराशीच होती. आमचे देव स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि आईचा सारा दिवस तिथेच, अनवाणी.

"देवासमोर चप्पल घालू का मी?" घरी येताना ती म्हणाली.

रविवारी बाबांनी ड्रिल काढलं आणि फळी पुढच्या खोलीत ठोकली.

"देवाले कावून उठवून राहिले तुमी?"

"माह्या किती बदल्या झाल्या प्लांटात. देवाची एक झाली त का होते?"

आईने पदराने फळी पुसली. मग म्हणाली, "टीव्हीकडे तोंड नका करू त्यायचं."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून ती चप्पल घालून स्वयंपाकघरात शिरली, ओल्या फरशीवर चालावं तशी जपून. लेझरही चालूच होतं. गुण उजेडाचा की चपलेचा, असं बाबा मला विचारतात, कारण घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच. मला सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या शाळेच्या डब्यासाठी पहाटे याच टाचांवर ती उभी असायची.

परवा ती बाजारात चालत गेली. एकेक वांगं दाबून, देठ पाहून घेतलं. पिशवी मी मागितली, तिने दिली नाही.

"राहू दे," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे चालू लागली.