सोनाबाईंचा अळणी नवस

तामसीजवळच्या आमच्या गावात सोनाबाईंच्या तोंडाला कुणी लागत नसे. वांगी-दोडके घेऊन बसनं आदिलाबादच्या बाजारात जायच्या, गिऱ्हाइकांशी तेलुगूत भांडायच्या आणि घरी येऊन मराठीत. त्याच बाईला हळूहळू कडेचं दिसेना. बाजूनं येणाऱ्या माणसाला धडकू लागल्या. मेंदूच्या खाली गाठ निघाली, हैदराबादेत नाकातून ऑपरेशन झालं आणि नजर परत आली.

आठवड्यानं रक्त तपासा, पाणी बेतानं प्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला अख्खं गाव येतं, आणि सोनाबाई प्रत्येकाबरोबर चहा घेत. त्यात आणखी एक गोष्ट फक्त सून रंजीताला ठाऊक होती. नजर परत आली तर महिनाभर अळणी खाईन, असा नवस त्या माहूरच्या देवीला बोलल्या होत्या. नवस फेडण्याआधी बाहेर फुटला तर उलटतो, म्हणून सुनेला शपथ घातलेली. ती बिचारी वेगळं बिनमिठाचं वरण शिजवायची आणि गप्प राहायची.

आठवडा भरायच्या आतच एका सकाळी सोनाबाईंचं डोकं ठणकू लागलं, ओकाऱ्या झाल्या. अशक्तपणा म्हणून घरच्यांनी आणखी पाणी पाजलं. दुपारी त्यांनी स्वतःच्या मुलाला, जीवनला, तू कुणाचा म्हणून विचारलं. आई थट्टा करतेय असं वाटून तो हसला. तेवढ्यात त्यांचे हातपाय ताठ झाले, झटका आला.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, फार उतरलंय. मेंदूला सूज आलीय. अशा ऑपरेशननंतर कधीकधी शरीर पाणी धरून ठेवतं. खाणं काय होतं? जीवन म्हणाला, घरातलंच. रंजीताला काय करावं कळेना. सांगावं तर नवस मोडून सासूचे डोळे जातील, न सांगावं तर सासूच जाईल. मला असल्या शपथांचा भारी राग येतो, पण त्या पोरीच्या जागी मीही घाबरलेच असते.

"अळणी खाऊन राह्यल्या त्या," ती म्हणाली आणि रडू लागली.

सलाइन सावकाश चढू लागलं. जीवन घाई करी, पण मीठ भराभर वाढवलं तरी मेंदूला इजा होते, असं त्याला परत परत सांगावं लागे. सारखं रक्त तपासत. आकडा जरासा सरके, सोनाबाई मात्र निपचित. उठल्यावर त्यांना दिसेल का, ही धास्ती रंजीताला सोडेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध आली. जीवननं सगळं सांगून टाकलं, नवसाचंही. रंजीता भीतीनं खाटेच्या बाजूला, भिंतीशी सरकली. सोनाबाईंची नजर समोर जीवनकडेच होती, मान जराही न वळवता त्या म्हणाल्या,

"तिकडं कडेले काऊन उभी हायेस, रंजीता? पेजंत मीठ टाकून आन. देवीले मी सांगीन."