हब फिरवणारी

रविवारी माझा नवरा आधी माझ्या माहेरी जातो आणि मी मागून जाते. बाकीच्यांच्या घरी उलटं असतं. मी घरातलं आवरून नागपुरातल्या नंदनवनला, माहेरी पोचते, तोवर हा माझ्या वडिलांची जुनी लुंगी गुंडाळून त्यांच्या जीपखाली आडवा झालेला असतो. फाटक उघडलं की मला चार पाय दिसतात, दोन वडिलांचे आणि दोन याचे. "कोणी आलं वाटते," असं खालून ऐकू येतं. मग पुन्हा पान्याची खडखड सुरू होते. कोण आलं ते बघायला दोघांतला एकही बाहेर येत नाही.

मी जळते. सरळच सांगते, कारण एवढ्या वर्षांत हे कोणाला सांगायची सोय झालेली नाही. बायका नवऱ्यावरून दुसऱ्या बाईवर जळतात, तिला शिव्या घालतात, चार मैत्रिणी मान डोलावतात. मी वडिलांवरून नवऱ्यावर जळते. हे मैत्रिणीला सांगावं तर ती म्हणते, "अगं, नशीबवान आहेस. आमच्याकडे सासरे-जावई एकमेकांचं तोंड पाहत नाहीत."

वडील पाटबंधारे खात्यात होते. ज्या सरकारी जीपमधून त्यांनी नोकरीभर धूळ खाल्ली, तीच जीप पुढे लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली. आईनं त्यावर काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी घेण्यामागे वडिलांचं एक वेड होतं. नागपूरच्या पूर्वेला, कुही-भिवापूरकडे आणि पुढे भंडाऱ्यापर्यंत, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव आहेत. कोणाची पाळ धड आहे, कोणाची फुटली, पाणी कुठून झिरपतं, हे बघत वडील सुटीच्या दिवशी हिंडायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कोणी विचारणारही नव्हतं. त्या तलावांकडे जाणारे रस्ते म्हणजे बैलगाडीची चाकोरी, मध्ये नाले, आणि काळी माती, जी एकदा पायाला धरली की चप्पल मागून घेते.

अशा जागी चारही चाकांना ताकद लागते. नव्या गाड्यांत बटण दाबलं की झालं. आमच्या जीपमध्ये आतला दांडा ओढण्याआधी कोणीतरी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली गोल चकती हातानं फिरवावी लागते. तिला हब म्हणतात. हब फिरवला नाही तर दांडा ओढून काही उपयोग नाही, पुढची चाकं नुसती पाहुण्यासारखी बसून राहतात. शहाणा माणूस हब चिखलाच्या आधी फिरवतो. माझ्या वडिलांना मात्र आपण फसणार आहोत हे फसल्याशिवाय पटायचं नाही.

"उतर वं, हब फिरव."

मी एकुलती एक. आई त्या गाडीत बसायची नाही. त्यामुळे शाळेत होते तेव्हापासून उतरणं माझ्याकडे. फ्रॉक वर खोचायचा, चपला गाडीतच ठेवायच्या आणि चिखलात उडी मारायची. उजवा हब गुणाचा होता. डावा हट्टी. तो नुसता फिरवायला गेलं की हलायचा नाही, आधी तळव्यानं आत दाबून मग फिरवावा लागायचा. ही युक्ती मला कोणी सांगितली नाही. अंगठ्याची साल जाता जाता ती मला सापडली.

"फिरला का?" वडील स्टेअरिंगवरून विचारायचे.

"फिरला."

आम्हा बापलेकीचं बोलणं एवढंच. ते मुळातच कमी बोलणारे आहेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्या पँटची इस्त्री कधी मोडली नाही आणि त्यांचा पाय कधी चिखलाला लागला नाही. मोठी झाल्यावर मी स्टेअरिंग मागितलं, तर म्हणाले, "तुले कायले पाहिजे ते? जड आहे." मी मोटार स्कूलमध्ये जाऊन शिकले. रामदासपेठेतल्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे ॲम्ब्युलन्स, ऑटो आणि डब्बे घेऊन उभे असलेले नातेवाईक यांच्यातून रोज आमची छोटी कार काढते. पण जीप नाही. जीप वेगळी.

मग माझं लग्न झालं आणि हा आला. हा बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात सूत तपासतो. सायकलची चेन उतरली तर सायकल खांद्यावर घेऊन घरी येणारा माणूस. सासऱ्याशी काय बोलावं ते सुचेना म्हणून एकदा त्यानं जीपखाली वाकून विचारलं, "बाबा, हा पाइप कशाचा?"

बस. तो पाइप कशाचा हे सांगायला वडिलांनी दुपार घेतली. पुढच्या रविवारी ग्रीस मारायला गेले दोघं. मग चाकांवरचे कमानपट्टे उतरवले, मग डिझेल टाकी खोलून धुतली. जुने पार्ट शोधायला दोघं भंगारवाल्यांकडे फिरायला लागले. दुकानदार वडिलांना "जयभीम साहेब" म्हणायचा आणि वडील याची ओळख करून द्यायचे, "हे आमचे जवाई." मला त्या दुकानात त्यांनी कधी नेलं नव्हतं.

ते सगळं मी सोसलं असतं. माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. एकदा जेवताना हा म्हणाला, "तुझे आजोबा ज्या कालव्यावर माती वाहायचे, त्याच कालव्यावर बाबा पुढे साहेब म्हणून गेले. पहिल्या दिवशी तिथे त्यांना खुर्ची दिली तर त्यांना बसवेना. काय वाटलं असेल नाही त्यांना?" मी घास हातात धरून बघत राहिले. तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. माझ्या आजोबांची गोष्ट मला माझ्या नवऱ्याकडून कळली, आणि त्याला ती गाडीच्या पोटाखाली पडल्या पडल्या, ग्रीस पुसता पुसता फुकटात मिळाली होती. त्या दिवशी भाजीत मीठ नाही म्हणून मीच भांडले. भाजी मीच केली होती.

यंदा पावसाळ्यात डॉक्टरांनी वडिलांना काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. वडील दोन-तीन रविवार जीपकडे फिरकले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "दिवाळीआधी एक चक्कर मारू तलावाची. मग गाडीचं काय ते ठरवू." आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "ठरवाचं काय हाय त्याच्यात? जवाई हायत न." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वाटीतल्या वरणाकडे पाहत होते. ती गाडी त्याची झाली असती तर मी त्याच्या शेजारीसुद्धा बसले नसते, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

निघालो तेव्हा हा स्टेअरिंगवर, वडील शेजारी, आणि मी मागच्या बाकावर डबे आणि पाण्याची कॅन सांभाळत. उमरेड रोड सोडून आत वळलो. पाऊस थांबून दिवस झाले होते, वरची माती सुकल्यासारखी दिसत होती. एका नाल्यात यानं गाडी घातली, ती मधोमध जाऊन बसली. यानं दांडा ओढला, ॲक्सिलरेटर दिला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखल माझ्या खिडकीपर्यंत उडाला. दोघांनी मिळून अख्खी गाडी खोलून लावली होती, पण हबला कधी हात लावला नव्हता. ते कधी बिघडलेच नव्हते.

वडील मागे न वळता म्हणाले, "उतर वं, हब फिरव."

माझ्या केसांना आता मेंदी लागते. घरी कॉलेजात जाणारी मुलगी आहे. मी म्हटलं, "नाही."

"काहून?"

"ज्यांची गाडी होणार आहे ते उतरतील. मी स्टेअरिंगवर बसते."

नवरा लगेच उतरला. तो चांगला माणूस आहे, हीच तर पंचाईत आहे. मी पुढे सरकून त्याच्या जागेवर बसले. वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले जमन का?" मी म्हटलं, "पाहू."

उजवा हब त्याला जमला. डाव्याशी त्याची झटापट सुरू झाली. मी काच खाली करून सांगू शकत होते. सांगितलं नाही. शिका म्हटलं. अंगठ्याची साल जाऊ द्या.

तेवढ्यात वडील ओरडले, "आधी दाबा, मंग फिरवा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी स्टेअरिंग धरून तशीच बसले. माझ्या लहानपणी ते याच काचेमागे बसून होते, आणि त्यांना माहीत होतं.

तरी याला जमेना. "थांबा जवाईबापू," वडील म्हणाले, "तुम्हाले नाही समजत ते. मी येतो." त्यांनी दार उघडलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखलात पाय टाकला. पाय आत गेला, ते डगमगले, यानं त्यांना धरलं. मग ते कसेबसे वाकले, याच्या हातावर आपला हात ठेवला, दाबला, फिरवला. बॉनेटपलीकडे मला दोघांची डोकी दिसत होती, एक पांढरं, एक निम्मं पांढरं.

इतकी वर्षं जे स्टेअरिंग मला हवं होतं ते माझ्या हातात होतं, आणि मी इतकी कधीच जळले नव्हते. बायकोसाठी, लेकीसाठी, कोणासाठी वडील कधी चिखलात उतरले नव्हते.

मी दांडा ओढला. स्टेअरिंग खरंच जड होतं, तेवढं ते खोटं बोलले नव्हते. ॲक्सिलरेटर लागत होता त्यापेक्षा जरा जास्तच दिला, आणि तो कशासाठी दिला ते मला माहीत आहे. गाडी कण्हत कण्हत वर निघाली. वरून आरशात पाहिलं तर दोघं कमरेपर्यंत काळे झाले होते. वडिलांची एक चप्पल रुतली होती, ती दोघं मिळून ओढत होते आणि हसत होते.

वर आल्यावर वडिलांनी तोंड पुसलं. म्हणाले, "गाडी तूच ठेव. हात चांगला हाय तुहा." नवरा म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो." मला त्याचा आणखीच राग आला.

आता जीप माझी आहे, उभी मात्र माहेरीच असते. रविवारी दोघं तिच्याखालून बाहेर आले की मी चालवते. पुढे डोळ्यावर ऊन येतं म्हणून वडील मागच्या बाकावर बसतात, आणि त्यांना सोबत म्हणून समोरच्या बाकावर हा. दोघं समोरासमोर बसून वाटभर बोलत असतात. त्या इंजिनाच्या आवाजात मला पुढे एक शब्द ऐकू येत नाही. एकदा विचारलं तर हा म्हणाला, "सांगतो घरी."

नाला आला की मी आधीच थांबते आणि म्हणते, "उतरा, हब फिरवा." दोघं उतरतात. एकाचं काम असलं तरी दोघं उतरतात, आणि वेळ लावतात. मी समोर बघत बसते.

"फिरला का?" मी विचारते.

"फिरला," बाहेरून वडील म्हणतात.

आमचं बोलणं अजूनही तेवढंच आहे.