कृष्णेअलीकडचा बेसबॉल

निपाणीत डोक्यात तंबाखूशिवाय दुसरं काही असलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि त्याच्या डोक्यात बेसबॉल आहे. हे आमच्या शेजारचे वखारवाले आप्पा. त्यांना कुस्तीचं वेड असतं तर गावानं कौतुक केलं असतं. साहेबाच्या क्रिकेटचं असतं तर निदान समजून घेतलं असतं. पण कृष्णेच्या पलीकडच्या काठावर मिशनचा मळा आणि शाळा आहे, तिथं आप्पा लहानपणी शिकायला होते, आणि तिथल्या अमेरिकन पाद्र्यानं त्यांना हा खेळ शिकवून कायमचं बिघडवून ठेवलं. तेव्हा मुलं असायची जेमतेम पाच-सहा. नऊ विरुद्ध नऊ अशी पुरी मॅच आप्पांनी जन्मात पाहिली नव्हती. ती एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा. "मोक्षाचं त्येच्यानंतर बघू," असं ते म्हणत. अर्थात आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, स्वयंपाकघरात असताना.

या खेळात फटका मारायचा, चार कोपरे पळत फिरायचे आणि निघालो त्याच जागी परत यायचं. त्या जागेला 'घर' म्हणतात. आप्पांच्या मते हा मुळात व्यापाऱ्याचा खेळ आहे. "कुठंबी हिंड, रातीच्या आत घरला आलास तरच त्ये खरं. मधल्या कोपऱ्यावर ऱ्हायलास तर तुझं काय बी जमा न्हाई."

सोमवारी वखारीत सौदे चालतात. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, आणि भाव शेजारच्याला कळत नाही. आप्पा मात्र दर सोमवारी नव्या माणसाला समजावतात, की बेसबॉलमध्येही मागं उकिडवा बसलेला गडी चेंडू टाकणाऱ्याला अशीच लपवून बोटं दाखवतो. एकदा ते समजावताना त्यांनी रुमालाखालची आपलीच बोटं हवेत नाचवली, सगळ्या वखारीनं भाव वाचला आणि सौदा मोडला. दलाल कपाळाला हात लावून म्हणाला, "आप्पा, तुमचा खेळ न्हाई, आमचं दिवाळं हाय ह्ये."

बुधवारी बेळगाव. कामं कोर्टाची किंवा पेढीची असोत, आप्पांची पावलं शेवटी वडगावातल्या एका विणकराच्या घराकडे वळत. खरा बेसबॉल कातड्याचा असतो आणि आप्पा जैन. कातड्याला हात लावणार नाहीत. म्हणून मागाखाली पडलेल्या सुताचा गुंता सुपारीभोवती घट्ट गुंडाळून ते चेंडू करवून घेत. रेशीम चालत नसे, त्यात किडे मरतात. वरचं कापड फार दिवस जमत नव्हतं. शेवटी एके दिवशी ते माझ्या फाटक्या खादीच्या सदऱ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले, की मी तो काढूनच दिला.

शनिवारी संध्याकाळी वखारीच्या अंगणात जमतील तेवढ्या हमालांची मॅच. रिकाम्या पोत्यांच्या घड्या म्हणजे कोपरे, गाडीच्या मोडक्या जुवाचा तुकडा म्हणजे बॅट. कुणी पळत येऊन पोत्यावर आदळला की तंबाखूची धूळ उठे आणि दोन्ही बाजू शिंकत बसत. शिंका थांबेपर्यंत खेळ थांबवायचा, हा नियम अमेरिकेत नाही. तो आप्पांनी घातलेला.

आणि रविवार अमेरिकेचा. त्या दिवशी आप्पा पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून आगबोटींचं जुनं वेळापत्रक उघडत. ट्रंकेत पाणी गाळायचं फडकं, तांब्या, दोन धोतरं आणि गरम बंडी कायमची भरलेली. आक्का दारातून म्हणत, "तिकडं समदं कांदा-बटाट्याचंच असतंय म्हणं. खाणार काय?" आप्पा वर न बघता म्हणत, "चिवडा."

माझं बहुतेक शिक्षण चळवळीच्या पत्रकांवर झालेलं. परदेशी खेळ ही मनाची गुलामी आहे, असं मी आप्पांना बजावलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अमेरिकेनं इंग्रजाला हाकलला का न्हाई? मग तेंचं क्रिकेट बी हाकललं आनि आपला खेळ काढला. तू अजून पत्रकंच काढतोयस." यावर उत्तर म्हणून मी एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं होतं. ते अजून अपुरं आहे.

पण ट्रंक भरलेली असून हा माणूस निघत का नाही, हे मला कळेना. एका रविवारी आक्कांनी सांगितलं. आप्पा तरुण असताना गावात मुनिमहाराज आले होते. लोक ओळीनं दिशांचं व्रत घेत होते, की अमुक दिशेला अमुक ठिकाणापलीकडे मी जन्मात जाणार नाही. "ह्येंच्या म्होरं तेंचा चुलतभाऊ हुता. त्यो म्हणाला, उत्तरंला पुण्याच्या पल्याड जाणार न्हाई. ह्येंना वाटलं, आपुन कमी पडाय नगो. ह्ये म्हणाले, मी कृष्णंच्या पल्याड जाणार न्हाई. त्यागात बी लिलाव केला बघ."

"मग ते वेळापत्रक?"

"बघायला काय? व्रत पायाला हाय."

मी तडक बाहेर जाऊन आप्पांवर तुटून पडलो. शब्द माणसासाठी असतो की माणूस शब्दासाठी, वगैरे. आप्पांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "तू सभंत शपथ घेतलीस न्हवं, विलायती कापड अंगाला लावणार न्हाई म्हणून? त्यो शब्द कुणासाठी रं?" मी दुसऱ्या विषयावर बोलू लागलो.

लढाई संपल्यावरच्या उन्हाळ्यात पाद्रीबाबांचं कार्ड आलं. ते आता कायमचे मायदेशी चालले होते. घरी परतायच्या वाटेवरचे काही अमेरिकन सोल्जर मिशनच्या मळ्यावर विश्रांतीला आले होते. जाण्याआधी रविवारी त्यांची आणि शाळेच्या जुन्या मुलांची मॅच ठेवली होती. नऊ विरुद्ध नऊ. तू ये.

आप्पा त्या आठवड्यात बेसबॉलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रविवारी पहाटे मला हाक मारली. चिकोडीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, आणि मांडीवर ती ट्रंक. मला वाटलं, अखेर माणूस सुटला. मी वाटेत व्रतांविरुद्ध बरंच बोललो आणि आप्पांनी ते ऐकूनही घेतलं.

घाटावर नाव लागलेली होती. नदी उन्हाळ्यानं आटून अर्ध्यावर आली होती, मधली धार तेवढी नावेजोगी होती. पलीकडे मळ्याच्या झाडांत पांढरे सदरे हलताना दिसत होते. नावाडी म्हणाला, "बसा की, आप्पा." आप्पा ट्रंकेवर बसले.

"तू जा," ते मला म्हणाले. "बघ, आनि येऊन सांग."

"एवढ्यासाठी इथवर आलात?"

"हितवर याला व्रत आड येत न्हाई."

मी वकिली सुरू केली. कृष्णेपलीकडे नाही म्हणजे कृष्णा धरून की सोडून? नदी संपते कुठं? आप्पांनी यावर भाव ठरवताना लावतात तेवढा वेळ लावला. मग वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. "पाण्यापत्तुर माझं. पल्याडच्या वाळूला पाय लावणार न्हाई."

मी चिडूनच नावेत बसलो आणि पलीकडे जाऊन पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. ते हसतील किंवा मिशनऱ्यासारखं काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. ते इथं म्हातारे झालेले; मराठीत म्हणाले, "तो शाळेतही असाच. बाद झाला की मी सांगायच्या आधी बाहेर जायचा." मग त्यांनी मैदानातल्या चार कोपऱ्यांच्या चारी खुणा उपटल्या आणि मॅच उचलून नदीच्या वाळूत आणली. सोल्जर आधी कुरकुरले. मग बूट काढून पळू लागले.

आप्पा पाण्यात उभे राहून बघत होते. मी काठावरून ओरडून खेळ सांगत होतो, तर पाण्यातून आप्पांची हाक आली, "गप ऱ्हा की रं. दिसतंय मला. तू समदं चुकीचं सांगालायस."

दुपार कलली. दोन्ही बाजूंच्या धावा सारख्या झाल्या, आणि एका धिप्पाड सोल्जरनं असा फटका मारला की चेंडू थेट धारेत पडला. तो वाहत वाहत आप्पांच्या अगदी हातापाशी आला. वाकले असते तर मिळाला असता. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जाऊ दिला. कातडं. तो गेला, आणि दुसरा चेंडू कुणाकडे नव्हता.

खेळ थांबला. पाद्रीबाबा पाण्याशी आले. तेव्हा आप्पांनी कोटाच्या खिशातून सुताचा चेंडू काढला, माझ्या खादीचा, आणि हात मागं नेऊन असा फेकला की पन्नाशीच्या माणसानं फेकू नये. तो पुरला नाही. पाद्रीबाबा पाटलोणीसकट धारेत शिरले आणि त्यांनी तो वरच्यावर झेलला. क्षणभर दोघेही गुडघाभर पाण्यात समोरासमोर उभे होते. मग सोल्जरांनी तो चेंडू हुंगला, तंबाखूच्या वासानं एक शिंकला, आणि उरलेली मॅच त्याच्यावर झाली. कोण जिंकलं ते मला कळलं नाही. आप्पांना विचारलं तर ते सगळे कोपरे सांगतात आणि शेवट विसरतात.

सूर्य बुडाला आणि मी नावेनं अलीकडे परतलो. आक्कांनी दिलेल्या दशम्या डब्यात तशाच राहिल्या, कारण आप्पा अंधार पडल्यावर खात नाहीत. पलीकडे पाद्रीबाबांनी चेंडू उंच धरून दाखवला आणि खिशात घातला.

परतताना मी विचारलं, "आता अमेरिकेचं काय, आप्पा?"

"चेंडू गेला की. घरातलं एक गेलं म्हंजे झालं."

हा माणूस चुकीचा आहे, असं मी अजूनही सिद्ध करू शकतो. मुद्दे तयार आहेत. पण परवा रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर ट्रंक उघडी होती आणि वेळापत्रकावर त्यांचं बोट एडनच्या पुढं सरकत होतं.

"चेंडू सुएजला असंल बघ आता," आप्पा म्हणाले. "तिथं ऊन लई. तुझ्या सदऱ्याची शिवण टिकंल न्हवं रं?"