रिपोर्ट येईपर्यंत

देवावर माझा विश्वास होता, पण तो सुखातला विश्वास होता, हे मला दिवस गेल्यावर कळलं. माणिकपूरच्या बालवाडीत मी शिकवते. वर्गातल्या एका मुलीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला, पाठोपाठ मलाही बारीक ताप आला आणि अंगावर पुरळ उठली. मला तेव्हा तिसरा महिना होता. रक्ताच्या तपासणीत नुकत्याच झालेल्या संसर्गाची शंका आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या महिन्यांत हा संसर्ग झाला असेल, तर बाळाच्या कानांना, डोळ्यांना, हृदयाला धोका असतो. पण एवढ्यावरून काही ठरवायचं नाही. संसर्ग जुना की नवा, ते सांगणारी आणखी एक तपासणी करू."

घरी, गिरीज गावात, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मात्र ठरवूनच टाकलं. "काढून टाक, मोकळी हो. तू अजून तरुण आहेस." यजमान केळीच्या बागेत पाणी सोडायला निघून गेले. मी देवघरात बसले, पण नामात मन लागेना. जपमाळ फिरायची आणि डोक्यात एकच: ऐकू येईल का? दिसेल का? मी देवीला चक्क धमकावलं, "खात्री दे, नाहीतर तुझं नाव घेणार नाही."

रक्त द्यायला एकटीच निघाले. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर अंधारी आली आणि मी खालीच बसले. तेवढ्यात कोणीतरी मला खांद्याला धरून सावलीत नेलं. कोळीवाड्यातली एक ख्रिस्ती बाई होती, सोबत तिची तरुण मुलगी. "पानी पी आधी, पोरी," ती म्हणाली. त्या परक्या बाईला मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

ती मुलीकडे बोट करून म्हणाली, "ही पोटात असताना मला हेच झालं होतं. तेव्हा कोणी तपासलंच नाही. हिला ऐकू येत नाही." मला धडकी भरली. ती पुढे म्हणाली, "सोपं होतं असं खोटं सांगणार नाही. डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐक, आणि मग ठरव. पण भीतीला विचारून ठरवू नको." मुलीला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी माझा चेहरा वाचून तिने माझा हात धरला. दोघी माझ्यासोबत आल्या आणि तपासणी होईपर्यंत तिने तो सोडला नाही. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. धास्ती गेली नव्हती, पण देवीशी चाललेलं भांडण थांबलं. "जे येईल ते तुझंच आणि माझंही. सांभाळायचं बळ तेवढं दे," एवढंच मागायचे.

संसर्ग जुना निघाला, दिवस जाण्याच्या बऱ्याच आधीचा. पुरळ दुसऱ्याच कशाने तरी उठली होती. डॉक्टरीणबाई तरीही म्हणाल्या, "शंभर टक्के खात्री कोणीच देत नाही." मी हसले. ती मागणी मी केव्हाच सोडली होती. आज माझी लेक हाक मारली की धावत येते. तिला कवेत घेताना देवीचे उपकार मानते. रिपोर्ट चांगला आला म्हणून मानतेच, पण तो यायच्या आधी त्या मायलेकींच्या हातून देवीने मला धीर दिला, त्यासाठी जास्त.