कुलूपताईंचं कपाट

कॅज्युअल्टीतल्या मोठ्या सिस्टरना पाठीमागे सगळे कुलूपताई म्हणत, तोंडावर नुसतं ताई. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही. एकतीस वर्षं एकाच खोलीत काढलेल्या बाईने तेवढं कौतुक करून घेतलं तर कुणाचं काय बिघडतं?

कपाट होतं हात धुवायच्या बेसिनशेजारी. हिरव्या पत्र्याचं, एक दार जरा वाकलेलं. किल्ली ताईंच्या कमरेला. स्टोअरमधल्या सुया संपल्या, ऑक्सिजनचे मास्क संपले, सलाईनच्या नळ्या संपल्या, की जो तो धावत ताईंकडे यायचा. ताई आधी दोन शब्द ऐकवायच्या, मग कपाट उघडून मागितलेली वस्तू मोजून एक हातावर ठेवायच्या. दुसरी मागितली तर म्हणायच्या, डोक्यावर घेऊन नाचणार आहेस का? घरीही तीच तऱ्हा. माळ्यावर कायम अकरा साबण.

ही सवय उगाच लागली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक बाळंतीण भर दुपारी आली होती. लहान सुई हवी होती आणि स्टोअरला जेवणाची सुट्टी म्हणून कुलूप. ताई तीन वॉर्ड पालथे घालून सुई घेऊन आल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्या संध्याकाळी त्यांनी देवासमोर हात जोडले, पण मागितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी चार सुया बाजूला काढून ठेवल्या. पुढे त्याच चार सुयांचं कपाट झालं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या हातात औषध नाही, घड्याळ. पेशंट दारातून आत आल्यापासून त्याला डॉक्टर भेटेपर्यंत किती मिनिटं जातात, सिस्टर किती चालतात, कशासाठी चालतात, सगळं त्या लिहून घ्यायच्या. चार दिवस ताईंच्या मागे सावलीसारख्या फिरल्या आणि एके सकाळी कागद पुढे ठेवला. ताईंच्या वाटा त्यावर पेन्सिलीने काढलेल्या. लहान मुलाने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसं दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताई, तुमचं निम्मं चालणं नुसतं वस्तू शोधायला आणि द्यायला जातं. ताईंना राग आला, आणि पायही त्याच वेळी दुखले.

याला लीन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. फुकट जाणारी धावपळ आणि फुकट पडून राहणारा माल, दोन्ही कमी करायचं. दर खाटेशेजारी प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पुढचा रिकामा झाला की मागचा ओढायचा, रिकामा दाराशी ठेवायचा. स्टोअरभाऊंनी दिवसातून दोनदा येऊन तो भरायचा. स्टोअरभाऊ म्हणजे ताईंच्याच बरोबरीने नोकरीला लागलेला शांत माणूस. पंधरा दिवस चार खाटांवर करून बघायचं ठरलं.

पहिले आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला धाप लागलेले एक आजोबा आले. मास्कचे दोन्ही डबे रिकामे. भराभर भरूनही डबे आटतात कसे, हे कुणालाच कळेना. ताईंनी कपाट उघडलं, मास्क लावला, आजोबांचा श्वास ताळ्यावर आला. सगळे म्हणाले, ताई होत्या म्हणून. मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलावली.

ताईंना मात्र तेव्हा उमगलं. तो मास्क त्याच डब्यातला होता. रोज ड्युटीवर आल्या आल्या त्या प्रत्येक डब्यातून दोन-दोन वस्तू उचलून कपाटात टाकत होत्या, वेळेला असाव्यात म्हणून. हाताला इतकं वळण पडलेलं की आपण काही करतोय हेही मनात येत नव्हतं.

दुपारी निरोप आला. प्रयोग उद्यापासून बंद, आणि डबे वेळेवर न भरल्याबद्दल स्टोअरभाऊंनी सकाळी लेखी खुलासा द्यायचा.

घरी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही, आता जाता जाता चोर म्हणवून घेऊ का, असं विचारलं.  नवरा म्हणाला, "माळ्यावर साबण अकरा असले तर मी बारावा आणत नाही, एवढंच. पण त्या भाऊंनी काय करायचं?"

ताई नेहमीसारख्या देवापुढे बसल्या. त्या दिवशीही मागितलं काही नाही.

सकाळी सगळे जमल्यावर ताईंनी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि घडलं ते एका दमात सांगितलं. कुणी हसलं नाही. त्रेसष्ट मास्क निघाले. सुया, नळ्या, हातमोजे तर विचारूच नका.

स्टोअरभाऊ हळूच म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं माझ्यावर विश्वास नव्हता, ताई."

"तुमच्यावर होता हो. तुमच्या कुलपावर नव्हता."

 मग भाऊच बोलले की दुपारची किल्ली मी इथेच ठेवत जाईन, आधी विचारलं असतंत तर आधी ठेवली असती.

डॉक्टरीणबाईंनी मात्र जमिनीवर बसकण मारली होती. एकेक वस्तू हातात घेऊन विचारत होत्या, ही इतकी का? ताई सांगत गेल्या. थंडीत मास्क दुप्पट लागतात. लहान सुया सोमवारी संपतात. हे कुठल्याच वहीत नव्हतं. डब्यांचे आकडे त्या दिवशी ताईंच्या तोंडून ठरले, आणि प्रयोग पुढे चालू राहिला.

कपाट रिकामं झालं. हळूहळू ताईंना हाका येणंही थांबलं. निवृत्तीनंतर चार वर्षं झाली तरी दुपारी कधीतरी त्यांचा हात कमरेकडे जातो. त्या हाकांची आठवण येते, आणि ऐकवलेल्या त्या दोन शब्दांचीही.

त्या प्रकरणानंतर नियमाप्रमाणे त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला होता, एकतीस वर्षांतला एकमेव. मोठ्या डॉक्टरांना तो लिहिताना अवघड वाटत होतं. ते म्हणाले की ‘नजरचुकीने’ असं लिहितो, कुणी विचारणार नाही.

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "‘भीतीपोटी’ असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं.