गेरूचा सत्तावीस नंबर

श्रीपती फणसळकर रत्नागिरीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. एकतीस वर्षांत त्याच्या वर्गात मिळून जेवढी मुलं बसली, त्याहून जास्त माणसं आमच्या वाडीतल्या एका बारशाला जेवून जातात. एके वर्षी तर एकच मुलगी होती, तीही त्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून आलेली. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो रागवायचा नाही. "बाबू, ती पास झाली," एवढंच म्हणायचा.

आम्ही एकाच वाडीतले, एका वर्षाचे. त्याची बायको हेमावहिनी एकदा विचारत होत्या, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" तर हा म्हणाला, "तुझ्या दृष्टीने की माझ्या?" वहिनी म्हणाल्या, "आमटी पुन्हा वाढणार कोण, त्याच्या दृष्टीने." त्यावर हा मुकाट जेवला. मी ही गोष्ट पार लांज्यापर्यंत पोचवली होती. गोष्टी पोचवणं हा माझा धंदाच म्हणा ना. आमची ओटी रस्त्यालगत आहे, एस.टी.तून उतरलेलं माणूस तिथून पाणी पिऊनच पुढे जातं, आणि पाणी प्यायलेलं माणूस काहीतरी बोलतंच.

अठ्ठ्याण्णव साली श्रीपती निवृत्त झाला. शहरात दोन खोल्यांत एक अभ्यास केंद्र निघालं होतं, त्यात हा शिरला. केंद्राला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सल्लागार असे सगळे होते. काम करायला तेवढं कुणी नव्हतं. श्रीपतीने एका वहीत संस्था कशा चालतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यातली एक मला पाठ आहे: 'आजची सभा पुढच्या सभेची तारीख ठरवून यशस्वीपणे पार पडली.' सचिव रावजी. त्याला लेटरहेडचा भारी सोस.

आमच्या सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळपठारावर, चिरेखाणी आहेत. पूर्वी जांभ्या दगडाचे चिरे टिकावाने काढायचे, मग यंत्राची करवत आली आणि तिच्यामागून लाल धूळ. केंद्राने ठरवलं की ही धूळ मोजायची, आणि वाडीत दमा-खोकला किती तेही मोजायचं. शाळेच्या गच्चीवर हवा ओढणारी पेटी बसली. चोवीस तास घोंघावायची. आत पांढरा कागद घालायचा, दुसऱ्या दिवशी काढून त्याचं वजन करायचं. जाताना पांढरा असलेला कागद येताना गेरूत बुडवल्यासारखा यायचा. वीज गेली की पेटी गप्प, आणि आमचे तत्त्ववेत्ते वायरमनला शोधत सायकलवर.

धूळ मोजून झाली. मग श्रीपती फॉर्म घेऊन बासष्ट घरं फिरला आणि संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"बाबू, काहीतरी चुकतंय. एवढी धूळ, आणि सगळ्या वाडीत दमा चार जणांना. चौघंही सत्तरीच्या पुढचे."

मी एवढा हसलो की पान बाहेर आलं. "अरे शहाण्या, लग्नाची पोर असलेल्या घराच्या दारात उभा राहून विचारतोस दमा कुणाला? उद्या म्हणशील, पळून कोण जाणार आहे तेही लिहून द्या."

"मग खरं कळायचं कसं?"

"मी सांगतो की. घे लिहून. पहिलं घर, सोनूबाई. रात्रभर बसून काढते. दुसरं..."

"थांब," तो म्हणाला. "ही ऐकीव गोष्ट झाली. प्रत्यक्ष पाहिलं ते एक प्रमाण. पाहिल्यावरून ताडलं ते अनुमान. आणि तिसरं शब्द. पण तो शब्द आप्ताचा हवा. ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो ते आहे तसंच सांगतो, तो आप्त."

"मग मी कोण? परका?"

 त्याने पेनाचं टोपण काढलं. "तुझं नाव कुठे येणार नाही," म्हणाला. "हा माझा शब्द."

मी एकसष्ट घरं सांगितली. काय रंगलो होतो! कोण कुठल्या वैद्याकडे जातं, कोणाच्या उशाशी कसली बाटली. सत्तावीस नंबरशी आलो. महिपतचं घर. महिपत मुंबईला, घरी बायको गंगा आणि मुलगी ज्ञानेश्वरी, वीस वर्षांची, बारावी झालेली. आठवड्यापूर्वीच मी तिला शहरात औषधांच्या दुकानात दम्याचा पंप घेताना पाहिलं होतं. तिने पटकन पिशवीत टाकला होता.

"ज्ञानेश्वरी. दमा," मी म्हणालो.

"नक्की?"

"ह्या डोळ्यांनी पाहिलं. तुझं ते प्रत्यक्ष."

शेवटी त्याने विचारलं, "आणि तुझं घर?"

आत माझी नात उर्वी झोपली होती. बारा वर्षांची. थंडी पडली की तिच्या छातीत मांजर गुरगुरायचं. पोरीच्या नावाला आतापासून डाग कशाला, असं मनात आलं.

"आमचं घर ठणठणीत," मी म्हणालो. त्याने लिहून घेतलं.

अहवालात श्रीपतीने कुणाचंही नाव घातलं नाही, नुसते घरांचे नंबर, पुढे वय आणि आजार. नाव झाकलं की माणूस झाकला, असं त्याला वाटलं. नंबर कुठले घातले? मलेरियाच्या फवारणीवाल्यांनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूने टाकलेले होते, तेच. तयार आहेत तर नवे कशाला काढा! रत्नागिरीत एवढं शिकलेला दुसरा माणूस नसेल आणि एवढा भोळाही. रावजीने तो तक्ता छान लेटरहेडवर टाइप करून घेतला आणि दोन हजार सालच्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला. दुपारपर्यंत बायका तक्ता वाचून दारं बघत फिरत होत्या. 'घर क्र. २७, स्त्री, वय २०, दमा.'

ज्ञानेश्वरीचा साखरपुडा झालेला होता, लांज्याला. काजूच्या कारखान्यातला मुलगा, बरं घर. वैशाखात लग्न. चार दिवसांत निरोप आला की तूर्त थांबू.

गंगा श्रीपतीच्या दारात आली तेव्हा मी तिथेच होतो. ओरडली नाही. "मास्तर, पंप माझा हाय. अकरा वर्षं हाय. पोरगी आणून देते नुसती. तिला काय नाय ओ. कोणी सांगितलान तुमाला?"

श्रीपतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी निस्तरतो."

तो लांज्याला गेला. एकदा गेला, परत आला. डॉक्टरांकडून पोरीला नळीत फुंकायला लावून चिठ्ठी घेतली, ती घेऊन पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तो दुपारच्या गाडीने परतला आणि थेट माझ्या ओटीवर आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"व्याही काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, सर, तुमचं लिहिलेलं खरं की तुमचं बोललेलं? मी म्हटलं, बोललेलं. तर म्हणाले, मग ज्याने तुम्हांला सांगितलं त्याला आणा. तो समोर येऊन म्हणाला की मी चुकलो, तर आम्ही पुढे काही विचारणार नाही. वैशाखातलाच मुहूर्त."

मी पान लावत होतो. चुना जास्त लागला.

"मी म्हटलं, नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय." श्रीपतीने गार पाणी संपवलं, फुलपात्र उपडं ठेवलं. "लांज्याला जायला पुढची गाडी सव्वातीनची आहे," तो म्हणाला.

एवढंच. 'चल' म्हणाला असता तर मी गेलो असतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो म्हणाला नाही. मी विचार केला तो असा: आज मी लांज्यात चुकलो म्हणालो की उद्या माझ्या ओटीवर पाणी प्यायला कोण थांबेल? आणि कुणी म्हणालं की स्वतःच्या नातीचं का नाही सांगितलंत, तर?

"चहा घेतोस?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. पण गेला नाही. सव्वातीनची गाडी वळणावरून खाली गेली, तिचा आवाज पार मिटला, मग उठला. लग्न मोडलं.

फलकावरचा तक्ता त्याने स्वतः काढला. घरांना नवे नंबर दिले, त्यांची वही कुलपात. ज्ञानेश्वरीला केंद्रात कामाला घेतलं. कागद तोलायला ती शिकली, वायरमनला दम द्यायला आपोआप आलं. दोन-तीन स्थळं आली, सत्तावीस नंबर ऐकून परत गेली. वाडी श्रीपतीला बोल लावायची. 'पोरीचं वाटोळं केलं मास्तरांनी.' माझ्याच ओटीवर बसून बोलायचे. मी सुपारी कातरायचो. माझी थट्टा तो पूर्वीसारखीच ऐकून घ्यायचा, पण मलाच ती जमेनाशी झाली.

दोन हजार पाच साली तो गेला. शेवटच्या आजारात मी रोज जायचो आणि रोज 'माझं चुकलं' म्हणायचं ठरवून वेगळंच काहीतरी बोलून यायचो. हेमावहिनी म्हणायच्या, "भावजी, आज काही विशेष नाही का वाडीत?" नाही म्हणायचो.

दुसऱ्या वर्षी थंडीत केंद्राची पाहणी पुन्हा निघाली. ज्ञानेश्वरी फॉर्म घेऊन माझ्या ओटीवर आली. सव्विशीची, कपाळावर आठीची रेघ, चपला काढून नीट बाजूला ठेवणारी.

"बाबूअण्णा, घरात दमा कुणाला?"

आतून उर्वी खोकली. एकोणीस वर्षांची झाली होती. तिचं बघायचं चाललं होतं. ज्ञानेश्वरीने आवाजाकडे मान वळवली नाही. पेन धरून थांबली.

"उर्वीला," मी म्हणालो. "लहानपणापासून. त्या वेळीही होता." मी अडकित्ता खाली ठेवला. "आणि ज्ञानेश्वरी, तुझं ते... दुकानात पंप घेताना..."

"तुम्ही पाहिलंत. ठाऊक आहे."

"श्रीपती बोलला?"

"सर कशाला बोलतील? दुकानात त्या दिवशी मी, दुकानदार आणि तुम्ही. दुकानदार मंडणगडचा, मला ओळखत नव्हता. एवढं ताडायला कॉलेजात जावं लागत नाही." ती फॉर्मवर काहीतरी लिहीत होती. "मी सरांना म्हटलं होतं, जाऊन त्यांना विचारते. तर म्हणाले, थांब, तो आपणहून येईल. रोज येतो म्हणाले, एक दिवस सांगेल. म्हणून थांबले. सर गेले तरी थांबले."

 तिचा पदर, तिचं पेन, शाळेच्या गच्चीवरचं ते घोंघावणं, सगळं एकदम जवळ आल्यासारखं झालं.

"उर्वीचं स्थळ कुठलं बघताय?" तिने विचारलं.

"दाभोळचं."

तिने मान हलवली. उर्वीचं वय आणि आजार लिहिला आणि वरच्या कोपऱ्यात घराचा नवा नंबर घातला. मी नकळत वाकून बघायला गेलो. तिने फॉर्म छातीशी उलटा धरला.

"अंहं, अण्णा. हा नंबर तुम्हांलासुद्धा सांगायचा नाही."

आणि चपला घालून ती पुढच्या घरी गेली.