रोलरच्या पुढची जागा

रस्तेदुरुस्तीच्या टोळीत तिला सगळे खराटेवाली म्हणत. डांबर पडायच्या आधी रस्ता झाडायचा आणि पडल्यावर कडेला सांडलेला माल खराट्याने आत लोटायचा, हे तिचं काम. ते तिने इतकी वर्षं केलं होतं की शहरातला कुठला रस्ता कुठे खचणार हे ती झोपेतही सांगू शकली असती. मग जुना मुकादम निवृत्त झाला, सेवाज्येष्ठतेने तिची पाळी आली आणि नगरपालिकेने तिच्या हातावर हुकूम ठेवला. तीन महिने काम बघणार. जमलं तर मुकादम म्हणून कायम, नाही जमलं तर पुन्हा खराटा.

त्यातलं "नाही जमलं तर" तिने वाचलंच नाही, असं टोळीतल्या लोकांना वाटलं. वाचलं होतं. पण वाचलेली प्रत्येक गोष्ट चेहऱ्यावर दाखवायची तिची रीत नव्हती. एकदा खराटा टाकला की तो पुन्हा उचलायचा नाही, हे तिने कार्यालयाच्या पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं.

घरी मात्र नुसता गोंधळ उडाला. नवरा शिंपी होता. त्याने मशीन थांबवून विचारलं, "म्हणजे आता तुला मुकादमीण म्हणायचं?"

"मुकादमीण म्हणजे मुकादमाची बायको," ती म्हणाली.

"मग तर मुकादम मीच झालो की!" म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला.

सासूबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या लहानपणी मुकादम म्हणजे गावचा पाटील. त्याच्यासमोरून जाताना बायका बाजूला उभ्या राहत. ती गादी सुनेला मिळाली म्हटल्यावर त्या पदर सावरून म्हणाल्या, "मग आता तुला अगं-तुगं करायचं की नाही?" नवऱ्याच्या मनातला मुकादम वेगळाच. त्याच्या मामांना एका मुकादमाने उचल देऊन दूर कामाला नेलं होतं आणि वर्षभर राबवून त्यांच्या हाडाची काडं केली होती. "तसली होऊ नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता.

शेवटी शेजारच्या मास्तरांनी तोंड घातलं. निवृत्त झाल्यापासून मास्तरांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे कोणाच्याही घरात शब्द अडला की ते चहाच्या आधी पोचत. "शब्द अरबी," ते म्हणाले. "मुकादम म्हणजे पुढे ठेवलेला. सैन्याच्या आघाडीचा म्होरक्या तो मुकादम. मग गावाच्या पुढे असणारा पाटील मुकादम झाला, मग मजुरांच्या पुढचा. काही देशांत धर्मपंथाच्या मठातला प्रमुखही मुकादमच, आणि कुठे कुठे तर गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसाला मुकादम म्हणतात. शब्दाने देश बदलले, धंदे बदलले."

"आणि आमच्या टोळीत मुकादम म्हणजे खुर्ची," ती म्हणाली.

हे खरंच होतं. ती टोळीत आली तेव्हाचा मुकादम लाल कापड घेऊन रोलरच्या पुढे उलटा चालायचा. कापड वर असेपर्यंत रोलर पुढे. कापड खाली आलं की जागच्या जागी ब्रेक. माल पसरणारी माणसं रोलरकडे पाठ करून वाकलेली असतात आणि त्या धडधडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून ही पद्धत पडली होती. पुढे तो मुकादम गेला आणि त्याच्या जागी आला त्याने घडीची खुर्ची आणली, वर छत्री लावली. लाल कापडाने तो आपली सायकल पुसायचा. तेव्हापासून रोलर चालायचा तो रोलरवाल्या काकांच्या मर्जीने.

ती पहिले काही दिवस खुर्चीतच बसली. सगळ्यांनी आग्रह केला, आणि खरं सांगायचं तर तिलाही जरा बसून बघायचं होतं. जन्मभर उभं राहिल्यावर खुर्ची कोणाला नको असते? पण खुर्चीतून तिला नुसत्या पाठी दिसायच्या आणि जांभया यायच्या. अशाच एका जांभईच्या वेळी किंकाळी ऐकू आली. रोलरचं पुढचं चाक माल पसरणाऱ्या एका पोरीच्या टाचांपाशी येऊन थांबलं होतं. पोरगी पांढरी पडली होती. मधे हात जेमतेम शिरला असता.

"ओरडायला काय झालं? दिसली की मला!" काका वरून गरजले.

खराटेवालीने हे ऐकलं आणि पाहिलंही. पोरगी रोलरच्या डावीकडे उभी होती. काका उजवीकडे बघून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोरचा रस्ता करायचा होता. दुपारी साहेब पाहणीला येणार होते, आणि तिच्या कायम होण्याबद्दल लिहिणारे तेच. ट्रकने वाफाळता माल ओतला. तिने खुर्ची उघडलीच नाही. नवऱ्याच्या कपाटातून आणलेलं लाल कापड काढलं, जाड बूट आवळले आणि ती रोलरच्या पुढे जाऊन उभी राहिली.

काकांनी इंजिन बंद केलं.

"हे काय सोंग?" ते वरून म्हणाले. "मी रोलर चालवायला लागलो तेव्हा तू खराटाही धरला नव्हतास. आता तू मला चालायला शिकवणार?"

"शिकवत नाही, काका. पुढे उभी राहतेय."

"मग रहा उभी. मी बसतो." आणि त्यांनी चक्क विडी पेटवली.

टोळी बघत राहिली. कोणी फावड्यावर रेललं, कोणी घमेलं पालथं घालून त्यावर बसलं. मालाची वाफ विरळ व्हायला लागली. डांबर कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. गार झालं की कितीही दाबा, रस्ता महिन्याभरात उखडणार. तो उखडला की खराटा पुन्हा हातात येणार, हे काय तिला कळत नव्हतं? टोळीतला एक जण हळूच म्हणाला, "बाई, बसा ना खुर्चीत. काकांचं मन राहील, माल वाचेल, तुमची नोकरीही वाचेल. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

सल्ला काही वाईट नव्हता. पण तिच्या डोळ्यांसमोर त्या पोरीच्या टाचा होत्या. ती रोलरच्या पायरीवर चढली आणि काकांच्या कानापाशी, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"काल ती पोरगी तुमच्या डाव्या हाताला होती. तुम्ही उजवीकडे बघून म्हणालात, दिसली."

काकांची विडी तशीच राहिली.

"कधीपासून चाललंय हे?" तिने विचारलं.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "पडदा आलाय डोळ्यांवर. पुढच्या वर्षी सुटतोय मी नोकरीतून. तेवढं निभवायचं होतं गं. कळलं की खाली उतरवतील आणि फाटकावर बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायला. रोलरवरून उतरलेल्या माणसाला कोण विचारतं?"

तिला त्यांचा राग आला होता आणि त्याच क्षणी दयाही आली. दोन्ही एकदम आलं की माणसाला बोलायला सुचत नाही, पण तिला सुचलं.

"ऐका. माल पसरणाऱ्यांना मी बाजूला काढते. चाकापुढे मी सोडून कोणी नसेल. आजचा माल माझ्या कापडावर दाबायचा, अगदी सावकाश. उद्यापासून तुम्ही रजेवर. डॉक्टरकडे मी बरोबर येते. साहेबांशीही मीच बोलते."

"काय सांगणार त्यांना?"

"खरं काय ते. आणि डोळे बरे झाले की रोलर तुमचाच, हेही सांगणार. त्यासाठी भांडावं लागलं तर भांडेन."

काकांनी विडी विझवली. इंजिन धडधडलं, तशी टोळी उठून उभी राहिली.

ती उलटी चालत राहिली. पायाखाली माल भाजत होता, समोर ते अजस्र चाक तिच्या पावलांचे ठसे एकेक करून पुसत येत होतं. वाफेने घसा सुकला, पण हात खाली आला नाही. दोन ठिकाणी वाफेचा लोट मधे आला तेव्हा रोलर आपोआप थांबला. काका शहाण्यासारखे वागतायत, असं वाटून तिला बरं वाटलं. दुपारी साहेब आले तेव्हा रस्ता आरशासारखा झाला होता. तिने तिथेच, उभ्याउभ्याच, त्यांना सगळं सांगितलं. साहेब आधी भडकले. मग त्यांनी रस्त्यावरून एक चक्कर मारली, परत आले आणि म्हणाले, "ऑपरेशन करून घ्यायला सांगा. रजेचा अर्ज आजच पाठवा."

काका परत आले तोवर ती मुकादम म्हणून कायम झाली होती. काळा चष्मा खिशात ठेवून ते नव्या डोळ्यांनी सगळीकडे पोरासारखे बघत होते. दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर येताच ते थांबले.

"हाच ना तो?" ते म्हणाले. "चांगला झालाय की. मी पहिल्यांदाच बघतोय."

"पहिल्यांदा? अहो, दाबलात तुम्ही."

"दाबला. पण मला दिसत काय होतं? समोर नुसता धूर आणि त्यात एक लाल ठिपका. तू तर दिसतच नव्हतीस. ठिपका दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा, एवढंच ठरवलं होतं. दोनदा गेला तो. दोनदा दाबला."

ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. अंधूक दिसतं, एवढंच तिने गृहीत धरलं होतं. माणूस आपल्याला बघतोय या भरवशावर ती त्या चाकापुढे चालली होती.

"अहो, मग सांगायचं नाही का मला!"

"सांगितलं असतं तर उभी राहिली असतीस?"

तिने खरोखर विचार केला. "नसते राहिले," ती म्हणाली.

तेवढ्यात ट्रक आला आणि पुढच्या गल्लीत माल पडला. काका रोलरवर चढले. ती उठली. आपल्याला भीती वाटतेय हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. कापड घेऊन ती चाकापुढे गेली, नेहमीपेक्षा अंमळ जवळच उभी राहिली, आणि तिने हात वर केला.

इंजिनच्या आवाजावरून काका ओरडले, "मुकादम, जरा मागे सरका. दिसताय मला."